तोल सांभाळायचा तर कोणते ताई ची?

साठी उलटलेल्या माणसाला घरात दिवसातून दहा वेळा ऐकावे लागते, "आजोबा, तुम्ही बसा, आम्ही आणून देतो." यामागची माया खरी असते, पण परिणाम उलटा होतो. बसून राहणाऱ्याच्या पायांतली ताकद आधी जाते आणि तिच्यामागोमाग तोलही जातो. मग एक दिवस न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर पाय सरकतो, खुब्याचे हाड मोडते आणि चालता-फिरता माणूस अंथरुणाला खिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात, आणि त्यांत साठीपुढच्यांचा भरणा सर्वाधिक असतो. पडणे हा निव्वळ नशिबाचा भाग नसून पुष्कळ अंशी टाळता येण्याजोगी गोष्ट आहे, असे माझे ठाम मत आहे. म्हणूनच आज ताई ची आणि चीगाँग या दोन चिनी व्यायामपद्धतींबद्दल लिहीत आहे.

प्रथम नावांचा घोटाळा दूर करू. दोन्ही नावांत 'ची' ऐकू येते म्हणून पुष्कळांना ही एकाच गोष्टीची दोन नावे वाटतात. चिनी भाषेत मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत. चीगाँगमधील 'ची' म्हणजे श्वास किंवा प्राण, आणि 'गाँग' म्हणजे मेहनतीने कमावलेले कसब. ताई चीमधील 'ची'चा अर्थ टोक किंवा परमावधी असा आहे. ताई ची मुळात कुस्तीसारखी लढण्याची विद्या होती, तर चीगाँगचा आरोग्याकडे वळलेला भाग आपल्या प्राणायामाला जवळचा आहे. 'चीगाँग' हे नाव आरोग्याच्या व्यायामांसाठी रूढ झाले ते १९५० च्या दशकात. व्यायाम मात्र फार जुने आहेत. १९७३ साली चीनमधील मावांगतुई येथील प्राचीन थडग्यात रेशमावर रंगवलेले एक चित्र सापडले. ते थडगे इसवी सनापूर्वी १६८ चे. त्यात हातपाय ताणणाऱ्या, वाकणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या चव्वेचाळीस आकृती आहेत.

ताई चीची घराणी आपल्या संगीतातल्या घराण्यांसारखीच आहेत. मूळ घराणे चेन यांचे, हनान प्रांतातील चेन्जियागौ गावचे, सतराव्या शतकापासूनचे. या घराण्याकडून यांग लूचान एकोणिसाव्या शतकात ही विद्या शिकला आणि पुढे बीजिंगमध्ये शिकवू लागला. त्याचा नातू यांग छंगफू याने हालचाली संथ, मोकळ्या आणि सारख्या वेगाच्या केल्या. आज जगभरच्या बागांतून दिसते ते बहुतांशी हेच यांग घराणे. वू घराण्याच्या हालचाली आटोपशीर असतात आणि शरीर किंचित पुढे कललेले असते. सुन लूतांग (मृत्यू १९३३) याच्या सुन घराण्यात पवित्रा उंच असतो, गुडघे फारसे वाकत नाहीत, आणि एक पाय पुढे पडला की दुसरा लगेच त्याच्यामागे येतो. १९५६ साली चीनच्या क्रीडा खात्याने यांग घराण्यावरून चोवीस हालचालींचा एक सोपा क्रम बसवला आणि ही विद्या सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. २०२० साली युनेस्कोने ताई चीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

आता मुद्द्याचा प्रश्न : यांपैकी आपल्या उपयोगाचे काय?

त्यासाठी तोल म्हणजे काय ते समजून घ्यावे लागेल. डोळे, कानाच्या आतले संतुलनाचे इंद्रिय, तळपाय व सांध्यांतून येणारी जाणीव आणि पायांचे स्नायू या चौघांच्या सहकार्याने माणूस उभा राहतो. वयाबरोबर चौघेही मंदावतात. मधुमेह जुना असेल तर तळपायांची जाणीव बधिर होते, मोतीबिंदू असेल तर उंबरठा नीट दिसत नाही. पण आपण पडतो ते बहुधा स्वस्थ उभे असताना नव्हे. पाऊल टाकताना, वळताना, एका पायावरचा भार दुसऱ्यावर नेताना आपण पडतो. ताई चीत नेमका हाच क्षण घोटला जातो. गुडघे किंचित वाकवून, पाठ ताठ ठेवून, सगळा भार हळूहळू एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचा आणि मोकळा झालेला पाय अलगद पुढे ठेवायचा. वेग कमी असल्यामुळे झोका देऊन वेळ मारून नेता येत नाही, काम स्नायूंनाच करावे लागते. यात जादू काही नाही.

हे केवळ ऐकीव नाही. १९९६ साली अमेरिकेतील अटलांटा येथे सत्तरीपुढील दोनशे जणांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पंधरा आठवडे ताई ची केलेल्यांचा पुन्हा पुन्हा पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी कमी झाला, तर संगणकाच्या फळीवर तोल साधण्याचा सराव केलेल्यांचे पडणे कमी झाले नाही. २०१८ साली ऑरेगॉन राज्यातील ६७० वृद्धांच्या अभ्यासात यांग घराण्यावर आधारित आठ हालचालींचे ताई ची आठवड्यातून दोनदा, एकेक तास, सहा महिने शिकवले गेले. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा या गटात पडण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी, आणि ताकद, तोल वगैरेंचा मिश्र व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी आढळले. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१९ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा ताई चीचा लाभ सुमारे १९ टक्के दिसला आणि पुरावा तितकासा भक्कम नसल्याचे नमूद झाले. तोलाच्या व रोजच्या हालचालींच्या साध्या व्यायामांचा लाभ २४ टक्के होता आणि त्याचा पुरावा अधिक पक्का होता. तेव्हा ताई ची ही संजीवनी आहे असे कोणी सांगू लागले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

चीगाँगचे काय? त्यातला सर्वांत सोपा प्रकार बादुआनजिन, म्हणजे 'रेशमी वस्त्राचे आठ तुकडे'. आठच हालचाली, त्याही जवळजवळ जागच्या जागी : दोन्ही हात आकाशाकडे उचलणे, धनुष्य ओढल्यासारखे हात ताणणे, मागे वळून पाहणे, शेवटी टाचा उचलून खाली टेकणे इत्यादी. आठवडाभरात क्रम पाठ होतो आणि जागा सतरंजीएवढी पुरते. अंगाचा ताठरपणा जायला, श्वास लांबवायला आणि नव्या माणसाला सवय लागायला हे उत्तम. परंतु यात पाऊल पुढे टाकण्याचा सराव जवळजवळ नाही. म्हणून निव्वळ तोलासाठी मी ताई चीला वरचे स्थान देतो.

घराण्यांत निवड करायची झाल्यास माझा सल्ला असा. गुडघे दुखत असतील किंवा पाय खूप वाकवणे जमत नसेल तर सुन घराणे. १९९७ साली सिडनीतील एका डॉक्टरांनी संधिवाताच्या रुग्णांसाठी ताई चीचा कार्यक्रम बसवला, तोही याच घराण्यावरून. प्रकृती बरी असेल तर यांग घराण्याचा आठ किंवा चोवीस हालचालींचा क्रम. चेन घराण्यात खोल पवित्रे, उड्या आणि जोरकस झटके असतात. ते तरुणांनी अवश्य शिकावे, सत्तरीतल्या माणसाने नव्याने त्यात पडू नये. पण 'अस्सल घराणे कोणते' या वादात वर्ष घालवण्यापेक्षा मिळेल ते सोपे, नीट शिकवणारे आणि आठवड्यातून दोन-तीनदा खरोखर होणारे केव्हाही चांगले.

काही वाचक विचारतील, आपल्याकडे योगासने असताना ही चिनी विद्या कशाला? प्रश्न रास्त आहे. योगासनांबद्दल मला आदर आहे आणि वृक्षासनाने एका पायावर उभे राहण्याची चांगली सवय होते. परंतु आसनाचा भर स्थिर राहण्यावर आहे, आणि आपण पडतो ते चालताना. दोहोंत वैर नाही. सकाळी आसने करणाऱ्याने त्यांना दहा मिनिटे संथ पावलांची जोड द्यावी. शिकवणारा जवळपास मिळाला नाही तरी भिंतीला समांतर, हात टेकता येईल इतक्या अंतरावरून, टाच आधी टेकवत सावकाश चालणे आणि प्रत्येक पावलावर पूर्ण भार जाईपर्यंत थांबणे, एवढे घरच्या घरी करता येते.

'ची'च्या नावाने चालणाऱ्या बुवाबाजीपासून मात्र सावध राहावे. १९८० च्या दशकात खुद्द चीनमध्ये चीगाँगचे वेड पसरले होते आणि दुरून हात फिरवून रोग बरे करण्याचे दावे हजारोंच्या सभांतून केले जात होते. या व्यायामाने रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या गोळ्या बंद होतात असे सांगणाऱ्यापासून दोन हात दूर राहणेच बरे.

सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात : झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांनी चक्कर येते का, उठून उभे राहताना रक्तदाब उतरतो का, आणि डोळे तपासायची वेळ झाली आहे का. पहिले काही आठवडे जड खुर्ची किंवा भिंत हाताशी असावी. गुडघा पायाच्या बोटांपुढे नेऊ नये. नुकताच अस्थिभंग झालेला असेल किंवा हाडे ठिसूळ असतील तर विचारल्याशिवाय काही करू नये. सराव अनवाणी ओल्या फरशीवर नको. न सरकणारी पादत्राणे हवीत.

आणि घरातल्या तरुण मंडळींना एक विनंती. आजोबांना, आजींना 'तुम्ही बसा' म्हणण्याऐवजी 'चला, मी बरोबर उभा राहतो' असे म्हणा. न्हाणीघरात भिंतीला एक दांडा ठोकून घ्या, रात्री दिवा राहू द्या आणि संध्याकाळची दहा मिनिटे त्यांच्याबरोबर पावले टाका. त्यांचा तोल टिकला तर घराचाही टिकेल.