मिश्रणयंत्राची पारख

भांडे हाती तोलून, वाजवून मगच घ्यावे, हे पितळी भांड्यांसाठी विख्यात असलेल्या भंडाऱ्यात कोणास शिकवावे लागत नाही. तेथेही मिक्सर मात्र रंग पाहून पसंत केला जावा, याचे आम्हांस नवल वाटते.

परदेशी यंत्रे फळे घुसळण्यात तरबेज. परंतु भिजली डाळ व सुके खोबरे यांपुढे ती दमत. म्हणूनच १९६० नंतरच्या दशकात सत्यप्रकाश माथुर यांनी ‘सुमीत’ हे देशी यंत्र सिद्ध केले. आपल्या स्वयंपाकघराची गरज ओळखणे, हीच निवडीची पहिली पायरी होय.

केवळ केळ्याचे दाट पेय किंवा भोपळ्याचे सूप करावयाचे, तर ५०० वॅटचे यंत्र पुरे. एकत्र कुटुंबात चटण्याही त्यातच वाटल्या जाणार. तेथे ७५० वॅटचे घ्यावे. मोठे भांडे दीड लिटरचे व पोलादी असावे. यंत्राच्या तळाशी अतिभाराची कळ आहे ना, हेही पाहावे. भार वाढताच ती विद्युत्प्रवाह तोडते व मोटार जळण्यापासून वाचते. यंत्र निवल्यावर कळ दाबली की ते पूर्ववत् चालते.

एक गोष्ट मात्र कोणतेही यंत्र सांभाळीत नाही. उकळते सूप झाकण लावून फिरविल्यास कोंडलेली वाफ झाकण उडविते. ते कोमट होऊ द्यावे आणि भांडे अर्धेच भरावे. दंतहीन वडीलधाऱ्यांस सूप मिळावे व सुनेच्या मनगटास विसावा, यासाठी आणलेल्या यंत्राने तिचाच हात पोळावा, हे कोणत्या घरास रुचेल?