किती सीसी, किती इंची?

माझ्या माहेरी, दापोलीकडे, भाचेमंडळी जमली की हल्ली आंबा-सुपारीच्या भावाआधी 'कटर'च्या गप्पा सुरू होतात. कटर म्हणजे पेट्रोलवर चालणारी चेनसॉ. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने बागाच्या बागा आडव्या केल्या आणि पडलेली झाडं कापायला माणसं मिळेनात. त्यानंतर आमच्या वाडीत ही यंत्रं आली.

मग काय विचारता! एकाची जर्मनीची स्टिल, एकाची स्वीडनची हुस्कवर्ना. "स्टिल १९२६ पासूनची कंपनी आहे," असं एकाने म्हणायचा अवकाश, की दुसरा सांगतो, "आमची १६८९ ची!" (तेव्हा तिथे बंदुका बनायच्या, चेनसॉ आली १९५९ मध्ये, हे तो सांगत नाही.) तुझी ३१ सीसी तर माझी ४५, तुझी पट्टी १६ इंची तर माझी १८. तिसरा म्हणतो, एवढ्या पैशात चिनी दोन आल्या असत्या.

"आत्या, तुला काय कळतं त्यातलं?" हे ठरलेलं वाक्य. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, इंजिनातलं मला कळत नाही हे खरं. पण तुलना कशाची करायची हे शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली आहेत. माझं स्पष्ट मत आहे की ही मुलं चुकीच्या रकान्यात गुण देत आहेत.

लाकूड कापतात ते चेनचे दात. त्या दातांची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९४६ साली अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने ओंडका पोखरणारी एक अळी पाहिली. तिचा जबडा डावी-उजवीकडे फिरत लाकूड कोरत होता. त्यावरून त्याने चेनचा नवा दात घडवला आणि पुढे बहुतेक चेनी त्याच वळणावर गेल्या. पण हा दात बोथट झाला की मोठ्या इंजिनाचाही उपयोग नाही. वादळात पडलेल्या झाडाला माती-वाळू लागलेली असते, तिने धार फार लवकर जाते. धार असली तर लाकडाचे जाडसर कपटे उडतात, गेली की पिठासारखा भुसा पडतो. मग माणूस जोर लावतो. टोक नसलेल्या पेन्सिलीने लिहिणारं पोर कागद फाडतं, तसंच हे. फक्त इथे फाटतो तो कागद नसतो...

पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर मशीन उसळून कापणाऱ्याच्या तोंडाकडे येते. त्यासाठी पुढच्या दांड्यासमोर ब्रेक दिलेला असतो. तो चालतो का, हे रोज काम सुरू करण्यापूर्वी बघायचं असतं. चेनसॉसाठी खास विजारही मिळते. चेन लागली की तिच्यातले लांब धागे बाहेर ओढले जाऊन चेनच्या चाकात गुंततात आणि चेन थांबवतात. सीसी आणि इंच तोंडपाठ असलेल्या माझ्या भाच्यांपैकी एकाकडेही ही विजार नाही.

आणि मुख्य मुद्दा वेगळाच आहे. मशीन भाच्यांची असली तरी बहुतेक दिवस ती चालवतो रोजावर आलेला माणूस. हाफ पँट, पायात स्लिपर, डोळ्यांवर काही नाही. वाकून ताणलेली फांदी कुठल्या बाजूने कापली तर उसळेल, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. मशीन मालकाची आणि पाय मजुराचे, म्हणून या तुलनेत पायांना रकानाच नाही!

माझं म्हणणं एवढंच, की बाळांनो, तुलना जरूर करा. पण कानस कुणाकडे आहे, ती नीट कोण चालवतो, ब्रेक कुणाचा धड आहे, विजार, हेल्मेट आणि बूट कुणी घेऊन दिले, याची करा. नारळाची झापं आणि मोडक्या फांद्या तोडायला ३१ सीसी भरपूर झाली. वरच्या १४ सीसींसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत आधी ती विजार आणा. आणि ती तुमच्या मापाची नको, जो कापणार आहे त्याच्या मापाची आणा.