गोळा आहे, फ्यूज नाही

दारूगोळ्याचा साठा किती, याचे आपल्याकडचे माप दिवसांचे आहे. घनघोर युद्ध 40 दिवस चालले तरी पुरेल एवढा साठा हवा, हा लष्कराचा निकष. ‘कॅग’ने 2017 मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालानुसार, सप्टेंबर 2016 मध्ये 152 प्रकारांपैकी 61 प्रकारांचा दारूगोळा दहा दिवसही पुरला नसता. त्यावर गदारोळ झाला, त्याच सुमारास उपसेनाप्रमुखांना तातडीच्या खरेदीचे अधिकार मिळाले आणि परिस्थिती सुधारली. पण त्याच अहवालातली दुसरी नोंद अधिक बोलकी होती: कोठारात गोळे होते, ते फोडणारे फ्यूज नव्हते. फ्यूजविना तोफगोळा म्हणजे लोखंडाचा जड ठोकळा. म्हणून माझे म्हणणे असे, की सर्व मालाला एकच 40 दिवसांची पट्टी लावू नये. जी वस्तू पुन्हा बनवायला सर्वाधिक वेळ लागतो, तिचा साठा सर्वाधिक हवा. युरोपचा अनुभव हेच सांगतो. युरोपीय संघाने मार्च 2023 मध्ये युक्रेनला वर्षभरात दहा लाख गोळे द्यायचे कबूल केले. मुदतीत जेमतेम निम्मे पोहोचले. पैसा होता, कारखानेही होते. अडले ते स्फोटके आणि प्रणोदक, म्हणजे गोळा तोफेतून ढकलणारी दारू, यांपाशी. प्रणोदकाला नायट्रोसेल्युलोज लागते, आणि ते बनते सरकीला चिकटलेल्या आखूड तंतूंपासून. तोफखान्याची नाडी अशी कापसाच्या गोदामात सापडते!

यावर पहिला आक्षेप, की दारूगोळा नासतो. खरे आहे, म्हणूनच जुना माल सरावात उडवून नवा भरत राहायचा, धान्याच्या कणगीसारखा. दुसरा आक्षेप सुरक्षेचा. पुलगावच्या लष्करी कोठारात 30-31 मे 2016 च्या मध्यरात्री जो स्फोट झाला, तो महाराष्ट्र विसरलेला नाही. मात्र तिथे संशयाची सुई वळली ती सदोष भूसुरुंगांकडे. असा माल वेळेत हलवणे आणि कोठारे विखरून ठेवणे हा त्यावरचा उपाय, साठाच न करणे हा नव्हे. देशातच उत्पादन होते, मग साठा कशाला, हा तिसरा युक्तिवाद मात्र अगदीच लंगडा आहे. शांतताकाळात मागणी नसलेला कारखाना युद्धाच्या पहिल्या आठवड्यात तिप्पट माल देत नाही. त्याला वर्षानुवर्षांची हमी लागते. डिसेंबर 2023 मध्ये संरक्षण मंत्रालयाने भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या पुणे कारखान्याशी इलेक्ट्रॉनिक फ्यूजसाठी दहा वर्षांचा, 5,336 कोटी रुपयांचा करार केला, तो याच कारणाने योग्य होता. तसाच दीर्घ मुदतीचा करार आता प्रणोदकासाठी व्हावा.