दुर्बीण चालेल, कॅमेरा नको

शिकारीसाठी जंगलात स्वयंचलित कॅमेरे लावण्यावर अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याने १ जानेवारी २०२२ पासून बंदी घातली. दुर्बिणीला मात्र हात लावला नाही. हा भेद योग्यच आहे. तिथल्या दऱ्याखोऱ्यांत म्यूल हरीण शोधायचे म्हणजे पहाटे कड्यावर बसून, तिवईवर दुर्बीण लावून समोरचा उतार पट्ट्यापट्ट्याने न्याहाळायचा. अख्खे हरीण क्वचितच दिसते. दिसतो तो हललेला कान, किंवा झुडपांच्या उभ्या रेषांत खटकणारी पाठीची आडवी रेघ. दिसले तरी मधली घळ उतरून पुन्हा चढावी लागते, आणि तेवढ्यात वारा फिरला की माणसाच्या वासाने ते पसार होते. दुर्बीण नजर वाढवते, पण माणसाला तिथे हजर राहावेच लागते. कॅमेरा मात्र पाणवठ्यावर रात्रंदिवस पाळत ठेवतो, आणि त्या कोरड्या मुलखात जनावराने पाणी टाळावे तरी किती दिवस?

दुर्बीणही साधनच, मग तिला सूट का, असा आक्षेप येईल. तिच्यामुळे नर-मादी दुरूनच ओळखता येते आणि चुकीची गोळी टळते, हे त्याचे उत्तर. शिकारच नको, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. भारताने १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तोच मार्ग धरला. पण ॲरिझोनातच, ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेला कैबाब पठारावर १९०६ नंतर हरणांची शिकार थांबवली गेली, पुमा आणि लांडगे मारले गेले, आणि १९२० च्या दशकात वाढलेली हरणे उपासमारीने मेली. नेमक्या कारणांवर अभ्यासकांत वाद आहेत. तरीही तिथली परवान्यांनी बांधलेली शिकार मला समर्थनीय वाटते, हरणाला निसटण्याची खरी संधी उरत असेल तरच.