शेजार, कुवत आणि शांततेचे मोल

विश्वात दीर्घिका सारख्या विखुरलेल्या नाहीत. त्यांची वस्ती कोठे दाट, तर कोठे विरळ आहे. काहींच्या केंद्रातील प्रचंड कृष्णविवर भोवतालचा वायू गिळत असते व त्यामुळे ते केंद्र प्रखरतेने उजळते. अशा सक्रिय दीर्घिका कोणत्या वस्तीत आढळतात, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. दीर्घिकांची वाढ कशाने होते व कशाने खुंटते, याचा उलगडा त्यात दडलेला आहे.

कार्ल सायफर्ट यांनी १९४३ साली अशा सहा दीर्घिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील एनजीसी १२७५ ययाति समूहाच्या मध्यभागी आहे. उरलेल्या पाच तशा गजबजलेल्या समूहात नाहीत. परंतु सहांवरून नियम बांधता येत नाही. २००० साली सुरू झालेल्या स्लोन सर्वेक्षणाने लाखो दीर्घिकांची अंतरे मोजली, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. सायफर्ट प्रकारच्या दीर्घिका, ढोबळमानाने, तितक्याच वस्तुमानाच्या सामान्य दीर्घिकांएवढ्याच एकवटलेल्या असतात. प्रबळ रेडिओ लहरी फेकणाऱ्या दीर्घिका मात्र तुल्य वस्तुमानाच्या इतरांहूनही दाट वस्तीत असतात. कन्या समूहातील, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूरची एम ८७ ही त्यांपैकीच. समूहातील तप्त वायू निवत केंद्राकडे येतो, कृष्णविवराला खाद्य पुरवितो आणि त्यातून उसळणारे झोत तो वायू पुन्हा तापवून नव्या ताऱ्यांची निर्मिती रोखतात.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास ही रीत परिचित आहे. संपन्नता शेजाराची की स्वतःच्या कुवतीची, हे समान कुवतीच्यांची तुलना केल्यावाचून ठरत नाही.

जुन्नर तालुक्यातील खोडदची जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण अशाच रेडिओ लहरी टिपते. पुणे-नाशिक रेल्वेच्या आखणीत तिचा प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा काहींनी तिच्याकडे विकासातील अडसर म्हणून पाहिले. त्या भागातील जनतेची रेल्वेची मागणी सर्वस्वी रास्त आहे, हे निःसंशय. तथापि रेल्वेला पर्यायी मार्ग आखता येतो. विद्युत्-कोलाहलात बुडालेली क्षीण लहर पुन्हा मिळविता येत नाही. बाजारात विकत न मिळणाऱ्या या शांततेला शून्य किंमत लावून मांडलेला प्रकल्पाचा ताळेबंद मुळातच चुकीचा ठरेल. दोन्ही बाजूंचा हिशेब जनतेपुढे ठेवूनच शासनाने निर्णय करावा.