‘ब्रेक फेल’च्या आधीचे आवाज

अपघाताच्या बातमीत ‘ब्रेक फेल झाले’ एवढे छापून आले, की लोकांच्या लेखी चौकशी आटोपते. दोष लोखंडावर जातो, माणसे सुटतात. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने गाड्यांची रांगच चिरडली, तेव्हा आधी ब्रेककडेच बोट दाखवले गेले. तपासात मात्र उतारावर इंजिन बंद केल्याचे पुढे आले. ९ डिसेंबर २०२४ च्या कुर्ल्यातील बेस्ट बस अपघातानंतरही तेच. परिवहन अधिकाऱ्यांनी बस तपासली, तर ब्रेक चालू होते.

म्हणून ब्रेक कधी निकामी होतच नाहीत, असे नाही. होतात, पण बहुतेक वेळा आधी बरेच दिवस कुरकुर करून. ती कुरकुर कोणी ऐकली आणि ऐकून काय केले, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

यवतमाळ जिल्ह्यात तर हा प्रश्न रोजचा आहे. वणीकडे कोळशाचे टिप्पर, पांढरकवड्यावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर लांब पल्ल्याचे ट्रक, कापसाच्या हंगामात जिनिंगकडे निघालेल्या भरगच्च पिकअप. खाली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या डांबराला उंचवटे आणते. अशा रस्त्यावर कमानीचे पाटे, शॉकअप आणि रबरी बुश लवकर झिजतात.

झिजणारे भाग आवाज करतात, आणि त्या आवाजांना अर्थ असतो. ब्रेक दाबल्यावर बारीक, कानात घुसणारी किंचाळी आली, तर पॅड तपासायला हवेत. अनेक पॅडना पत्र्याची एक पट्टी मुद्दाम लावलेली असते; अस्तर दोन-तीन मिलिमीटर उरले की ती डिस्कला घासून ओरडते. पावसाळी सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला येणारी खरखर बहुधा डिस्कवरच्या गंजाची, ती आपोआप जाते. न जाणारी जाड घरघर मात्र वेगळी: अस्तर संपून लोखंड लोखंडाला घासत असते, आणि नुसत्या पॅडवर भागणारे काम डिस्क बदलण्यावर जाते. पिकअपच्या मागच्या चाकांना सहसा ड्रम असतात. तिथे अशी पट्टी बहुधा नसते, म्हणून ड्रम उघडूनच लायनर पाहावे लागते.

खड्ड्यात ‘टक-टक’ वाजले, तर लिंक रॉड, बुश किंवा बॉल जॉइंटवर संशय घ्यावा. यातला बॉल जॉइंट थट्टेवारी नेण्यासारखा नाही. तो निखळला तर चाकच आडवे होते. वेगाबरोबर चढत जाणारी आणि वळणावर बदलणारी घूंघूं बहुधा चाकाच्या बेअरिंगची. त्यामुळे मिस्त्रीला ‘आवाज येतो’ एवढेच सांगून भागत नाही. ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर, सरळ रस्त्यावर की वळणावर, रिकाम्या गाडीत की भरल्या, हे सांगितले तर अर्धे निदान तिथेच होते.

काही धोके मुकेही असतात. पुसदजवळच्या खंडाळा घाटात भरली गाडी खालच्या गिअरऐवजी नुसत्या ब्रेकवर उतरवली, तर लायनर तापून पकड सोडते. तेव्हा आवाज येतोच असे नाही, जळका वास येतो.

कायद्याची नजर मात्र या सगळ्यापासून लांब आहे. व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. श्रीकांत कर्वे यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिले, तेव्हा कुठे आरटीओ कार्यालयांकडे ब्रेक तपासणीसाठी २५० मीटरचे मार्ग असण्याचा आग्रह सुरू झाला. ते आवश्यकच होते. पण तपासणी एका दिवसाची, आणि टिप्परचे लायनर त्या प्रमाणपत्राच्या मुदतीत कितीदा तरी झिजते.

मधल्या काळात गाडीची तब्येत एकाच माणसाला कळते: चालकाला. आणि तोंड उघडणे त्यालाच महाग पडते. फेरीवर पैसे मिळणाऱ्याने गाडी उभी केली, तर त्याची त्या दिवसाची कमाई बुडते. मग ‘या फेरीनंतर बघू’ म्हणत तो पुढे जातो.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. ब्रेक, स्टिअरिंग किंवा चाकाच्या आवाजाची तक्रार चालकाने गाडीच्या वहीत लेखी नोंदवावी, मिस्त्रीच्या सहीशिवाय गाडी निघू नये, आणि गाडी उभी राहिली तरी चालकाला त्या दिवसाचा रोज मिळावा. अपघात झाला, तर पोलिसांनी पहिल्याच दिवशी ती वही ताब्यात घ्यावी. सुरुवात वणीपासून करता येईल. वेस्टर्न कोलफिल्ड्सने (वेकोलि) कोळसा वाहतुकीच्या निविदेत ही अट घालावी आणि काट्यावर गाडीचे वजन होते तिथेच वहीतली शेवटची नोंद पाहावी. वही कोरी ठेवणाऱ्या ठेकेदाराला जाब विचारायला मग अपघाताची वाट पाहावी लागणार नाही.