मर्यादेच्या नावाखाली

नव्या जोडप्याचे पटेनासे झाले की आमच्या माकणीत मोबाईलच्या नावाने बोटे मोडतात. मी मास्तर म्हणून विचारतो, चारचौघांत बायकोशी बोलणे म्हणजे निर्लज्जपणा, हे पोराला शिकवले कोणी? १८७३ साली लग्न झाल्यावर माधवराव रानडे रमाबाईंना शिकवू लागले, तर घरातल्या बायकांनी त्या सुनेचाच छळ मांडला. तेव्हा मोबाईल कुठे होता? ऊसतोडीला मुकादम नवराबायको मिळून एकच ‘कोयता’ मोजतो. आपणही तेच करतो: कामाला एक, बोलायला परकी! वडीलमंडळींनो, असली मर्यादा पुरे झाली. रात्री घटकाभर दोघांना ओसरीवर बसू द्या, खाकरू नका. मग मोबाईलवर खुशाल खटला भरा.